ओलांडलेलं ताट

कौसल्यावहिनींचा हात मोठा. जेवणारा ताटावर आडवा हात धरून "बस, बस" म्हणायचा, तर वहिनी बोटांच्या फटीतून आमटी सोडायच्या. "पोटात जागा नसली तर खिशात घेऊन जा रे," म्हणायच्या. सगळे हसायचे आणि पुन्हा भात कालवायला लागायचे.

लालबागला आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आणि आमची खोली भिंतीला भिंत. त्यांचे यजमान लवू घाडीगावकर गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणायचे. वहिनी घरात खाणावळ चालवायच्या. बायकामुलं गावी ठेवून मुंबईला राहिलेले दहा-बारा गिरणीवाले त्यांच्याकडे दोन वेळ जेवायचे. कोणी सकाळच्या पाळीचा, कोणी दुपारच्या, त्यामुळे त्या घरच्या चुलीला उसंत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी नीट थापता येत नव्हती. ती वहिनींनी शिकवली, आणि शिकवताना बोलूनही घेतलं. "मॅट्रिक झालीस, पण पीठ काय म्हणता ता तुका वाचता येत नाय," म्हणायच्या.

त्यांचा नियम एकच होता, पण कडक होता. पंगतीत भेद करायचा नाही. एकदा त्यांचा सख्खा भाऊ कणकवलीहून आला आणि जेवायला बसला. लवूभाऊजी हळूच म्हणाले, "त्याका माशाची डोक्याकडची तुकडी घाल." वहिनींनी ज्याच्या ताटाची पाळी होती त्यालाच ती तुकडी वाढली आणि भावाला शेपटी आली. भाऊ रुसला. वहिनी म्हणाल्या, "पाटावर बसलास की तू माझा भाऊ नाय, जेवणारो." पंगत म्हणजे देवाचं काम, असं त्या मानायच्या. मीही मानते.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. महिना-दोन महिन्यांत मिटेल, असं सगळेच म्हणत होते. वहिनींची जेवणारी माणसं शिमग्याला गावी गेली ती परत आलीच नाहीत. मोठे टोप पोटमाळ्यावर पालथे पडले. आमचे हे गिरगावात छापखान्यात होते, म्हणून आमच्याकडे पगार येत होता. बाकी आमच्या मजल्यावर तो कोणाकडेच येत नव्हता. बायकांनी आधी घरातली तांब्यापितळेची भांडी काढली, मग कानातलं. एकमेकींना विचारायचं नाही, अशी रीत आपोआप पडली.

आमची मुलं दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत जायची. शाळा मराठी, एका जुन्या संस्थेची. तिथे पालक संघ होता, पण नावाला. पंधरा ऑगस्टला पेढे वाटायचे, गॅदरिंगला खुर्च्या मांडायच्या आणि अध्यक्षांचं भाषण ऐकायचं. अध्यक्ष अप्पा तळेकर, स्वतः गिरणी कामगार, भागात वजन असलेला माणूस. सभेला पुरुषच जायचे. संप लागल्यावर पुरुष मोर्चात नाहीतर गावी. जूनमध्ये शाळा उघडली आणि पालक संघाची सभा लागली, तेव्हा अप्पा सोडले तर सगळ्या बायकाच होत्या. मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसलो होतो.

मुख्याध्यापिका आजगावकर बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी कोणाच्या घरात डोकावत नाही. पण प्रार्थनेला रोज एखादं मूल चक्कर येऊन खाली बसतंय. काही जणांना तुम्ही गावी पाठवलंत, ती परत येतील की नाही देव जाणे. असंच चाललं तर तुकड्या बंद होतील. आणि खरं सांगू का, उपाशी मुलाला मला भागाकार शिकवता येत नाही."

अप्पा म्हणाले, "आपण पालक संघातर्फे निवेदन देऊ."

मागच्या बाकावरून वहिनी बोलल्या, "अप्पा, निवेदन शिजाक किती वेळ लागता?"

हशा पिकला. अप्पाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. वहिनी उठल्या. गावी देवळाच्या उत्सवासाठी घरटी मूठ काढतात. भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला ठेवायचे, ते देवाचे. वहिनी म्हणाल्या, तशी मूठ आपण शाळेसाठी काढू. ज्या घरात तांदूळ आहे त्या घराने मूठ द्यावी, ज्या घरात नाही तिथल्या बाईने निवडायला, धुवायला यावं. टोप माझे. वाढायला मी.

अशी पालक संघाची पंगत सुरू झाली. शाळेच्या मागच्या शेडमध्ये भुशाच्या शेगड्या मांडल्या. मधल्या सुट्टीत मुलं घरून आणलेल्या थाळ्या घेऊन व्हरांड्यात ओळीने बसायची, हात जोडून श्लोक म्हणायची आणि वहिनी नारळाच्या करवंटीची डवली घेऊन वाढत जायच्या. कधी डाळभात, कधी नुसती पेज आणि लोणच्याचा खार. गुणवंती म्हणून एक कोळीण आमच्या नाक्यावर मासे विकायला बसायची. तिची पोरं आमच्याच शाळेत. ती आठवड्यातून एकदा सुकटीची पिशवी आणून शेडमध्ये आपटायची. "घ्या, गिरणवाल्यांच्या पोरांना जरा दर्या दाखवा," म्हणायची.

मुलं टिकली. गावी गेलेली काही परतही आली. एकही तुकडी बंद झाली नाही. सभेत आता अप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर वहिनी बसायच्या. बोलायला लागल्या की बायका गप्प व्हायच्या. मला बरं वाटायचं. आमच्यातलीच बाई खुर्चीवर बसली होती.

गणपतीनंतर एकेक माणूस गिरणीत जायला लागल्याची कुजबुज सुरू झाली. पोलिसांच्या पहाऱ्यात गाड्या भरून नेतात, असं ऐकू यायचं. चिंचपोकळीकडच्या चाळीतला रघू मोंडकर अशाच एका गाडीतून उतरताना लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराला कोणी तरी बांगड्यांची माळ अडकवली. रघूची बायको अंबिका आमच्या पालक संघात होती. बोलायची कमी, निवडायला बसली की खड्याचा कण सुटत नसे. तिची मुलगी कमल चौथीत.

शनिवारच्या सभेत अप्पा म्हणाले, "फुटलेल्याच्या घरची मूठ आपल्या टोपात नको. लोक उपाशी राहून लढतायत."

सगळ्यांनी माना हलवल्या. गुणवंती म्हणाली, "माझा घरवाला गिरणीत नाय नि संपात नाय, तो पाण्यात. माझी सुकट चालंल का बाटली?"

"तुझं वेगळं," अप्पा म्हणाले.

आजगावकर बाईंनी विचारलं, "आणि मुलांचं?"

"मुलांना कोण काय करतंय, बाई?" अप्पा म्हणाले. सभा संपली.

सोमवारी अंबिका आली. शनिवारच्या सभेला ती नव्हती. कागदाच्या पिशवीत मूठ नाही, चांगला शेरभर तांदूळ होता. एवढे दिवस जे कमी पडलं ते एकदम भरून द्यावं, असं तिला वाटलं असेल. वहिनींनी पिशवी घेतली, वजन हातात तोललं आणि सगळ्यांसमोर परत तिच्या हातात दिली. "आमच्या टोपात ह्यो शिजायचो नाय," म्हणाल्या. अंबिका वहिनींकडे बघत राहिली. काही तरी बोलणार असं वाटलं. मग तिने पदर सावरला आणि निघून गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर अप्पांच्या नियमावर ढकलता आलं असतं. पुढचं नियमात नव्हतं.

मधली सुट्टी झाली. मुलं बसली, श्लोक झाला. वहिनी वाढत आल्या. कमलच्या आधीच्या मुलाला भात, डाळ. मग डवली उचलली आणि कमलच्या थाळीवरून तशीच पुढच्या थाळीवर नेली. कमलला वाटलं चुकून राहिलं. तिने थाळी जरा पुढे सरकवली. वहिनी मागे न बघता म्हणाल्या, "तुझ्या घरात चूल पेटता ना? घरी जाऊन जेव."

पंगतीतून सगळ्यांच्या आधी उठायचं नाही, हे वहिनींनीच मुलांना शिकवलं होतं. ती पोर उठली नाही. पुढे रिकामी थाळी, मांडीवर हात. दोन्ही बाजूंची मुलं खात होती आणि तिच्याकडे बघत होती. एक मुलगा हसला. सगळ्यांचं होईपर्यंत ती तशीच बसली. मग सगळ्यांबरोबर उठली, रांगेत नळावर गेली आणि ती कोरडी थाळी तिने धुतली.

दुसऱ्या दिवसापासून कमल शाळेत आली नाही.

आठ-पंधरा दिवसांनी आजगावकर बाई शेडमध्ये आल्या. त्या मोंडकरांकडे जाऊन आल्या होत्या. "दिवाळीनंतर तिला देवगडकडच्या एका खेड्यात आजीकडे पाठवणार आहेत," बाई म्हणाल्या. "तिथे चौथीच्या पुढे शाळा नाही. गुरं राखेल. कौसल्याबाई, मुलं शाळेत टिकावीत म्हणून आपण हे टोप चढवले होते."

वहिनींनी शेगडीतला भुसा ठोकून बसवला. "तिच्या बापसाक सांगा," म्हणाल्या. "फितूर मी नाय झालंय."

बाई गेल्या. वहिनी त्या दिवशी फार बोलत होत्या. एरवी एवढ्या बोलत नसत.

लवूभाऊजींना त्या सुमारास शिवडीला एका गोदामावर रखवालदाराचं काम लागलं होतं. निदान घरात त्यांनी तसं सांगितलं होतं. संध्याकाळी जायचे, सकाळी यायचे, तिकडेच नळावर आंघोळ करून यायचे. चाळीत सगळे म्हणायचे, लवूने बरं केलं, फुटला नाही, दुसरं काम धरलं. वहिनींना त्याचा अभिमान होता. सभेत एकदा त्यांनी उदाहरण म्हणून सांगितलंही होतं.

दिवाळीच्या तोंडावर त्या सगळे कपडे धुवायला काढून बसल्या होत्या. मी कठड्यावर गोधडी टाकत होते. वहिनी एकदम म्हणाल्या, "गो, हय ये."

त्यांच्या हातात भाऊजींची पँट होती. पायाची दुमड उलटी केली होती, आणि त्या दुमडीत पांढरं तूस साचलं होतं. सुताचं तूस. साचेखात्यात उभा राहणाऱ्या माणसाच्या कानात, भुवयांत, शिवणीत ते जाऊन बसतं. पंधरा वर्षं वहिनी ते रोज झटकत आल्या होत्या. त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"जुनं असेल," मी म्हणाले.

"ही पँट मी गणपतीआधी शिवून घेतलंय," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी आले. चाळीत भिंती नावाच्याच. मला कान लावावे लागले नाहीत.

"खय होतास?"

"गोदामावर."

"गोदामात कापूस पिकता?"

मग भाऊजी म्हणाले, "मग काय करू? तू दीडशे पोरांचा पोट भरतंस. रात्री आपल्या घरात काय शिजता ता कोण बघता? दत्तूचो चेहरो बघलंस?" दत्तू त्यांचा मुलगा, सहावीत. मग आवाज खाली गेला. "म्हातारी गावी आजारी. मी आणि रघू एकाच दिवशी गेलंव. तेका गाडीतून उतरताना लोकांनी बघितलान, माका नाय बघितलान. येवढोच काय तो फरक."

"रघू मोंडकर?"

"माझ्या बाजूच्याच साच्यावर आसा."

"म्हणजे अंबिकेक ठाऊक?"

"आसतला. सुरवातीपासून."

त्यानंतर त्या घरात भांडण ऐकू आलं नाही. भाऊजींना त्या एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना बोलायला तोंडच उरलं नव्हतं. थोड्या वेळाने त्या माझ्या दारात आल्या. देवापुढे दिवा लावला होता, पण कपाळाला कुंकू नव्हतं. लावायचं राहिलं होतं की लावलं नव्हतं, कोण जाणे. "माझ्याबरोबर चल," म्हणाल्या. "एकटीचे पाय उचलणत नाय."

अंबिकाची खोली तळमजल्यावर, रेल्वेच्या भिंतीला लागून. दारावर बांगड्यांची माळ अडकवायला ठोकलेला खिळा अजून होता. अंबिका भाजी निवडत होती. आम्हाला बघून तिने दोन पाट सरकवले. वहिनी बसल्या नाहीत.

"तुला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या.

"काय ते?"

"माझ्या घोवाचं."

"हो."

"मी तांदूळ परत केला तेव्हापण?"

"तेव्हापण."

"मग तोंड का नाय उघडलंस? सगळ्यांसमोर बोलायचं होतंस. माझ्या थोबाडावर मारायचं होतंस."

अंबिका देठ मोडत होती, ते तिने थांबवलं नाही. "जिभेवर आलं होतं," ती म्हणाली. "पण मी बोलले असते तर तुमचे टोप उतरले असते. दुसरी बाई मिळाली असती, नसती. एवढी पोरं. माझी एक उपाशी बसली, तिला मी घरी आणून जेवू घातलं. बाकीच्यांना कोणी घातलं असतं?" मग पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "राग आला नाही असं समजू नका वहिनी. रोज यायचा. रोज गिळायची."

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत. मान मात्र खाली गेली, आणि खालीच राहिली.

एवढ्यात कमल नळावरून कळशी घेऊन आली. वहिनींना बघून दारातच थांबली. कळशी जड होती, तरी खाली ठेवेना.

"कमल," वहिनी म्हणाल्या, "शाळेत ये बाय. देवगडला जाऊ नको. माझं चुकलं."

कमलने आईकडे बघितलं. आई भाजी बघत राहिली. मग ती पोर हळू आवाजात, अगदी नीट म्हणाली, "मी येईन काकी. पण मला तुम्ही वाढू नका."

"नाय वाढणार," वहिनी म्हणाल्या.

शनिवारी सभा होती. जिन्यातच अप्पांनी वहिनींना बाजूला घेतलं. भाऊजींची गोष्ट कुठून तरी फुटली असावी, असं मला वाटलं. पण अप्पा म्हणाले, "मला केव्हापासून ठाऊक आहे, कौसल्या. मी बोललो का कुठे? तूही बोलू नको. पंगत चालली पाहिजे."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तिचो तांदूळ बाटलो आणि माझो हात नाय बाटलो?" म्हणाल्या. "मी कामाची म्हणून?"

आम्ही वर गेलो.

वहिनी खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "माझो घोव कामावर जाता. गणपतीपासून. माका ठाऊक नव्हता, पण अंबिकेक होता. तिने आपल्या पोरीचा उपास सोसला नि माझी अब्रू राखली. मी त्या पोरीचा ताट ओलांडलंय. सगळ्यांनी बघितलात."

आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं, हे खरंच होतं. मग मागून एक बाई फणकारली, "मग आता तूपण बाहेर जा. नियम तो नियम."

"जाऊ दे की," गुणवंती म्हणाली. "पन टोप तिचे हायती. ती गेली का टोप तिच्या पाठी चालत जातील. मग शिजवा भात तळहातावर."

कोणी हसलं, कोणी तोंड फिरवलं. दोघी-तिघी उठून गेल्या, त्या पुढे कित्येक दिवस आल्या नाहीत. आजगावकर बाईंनी टेबलावर हात ठेवला. त्या कधी आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी चढवला. "ज्याला द्यायची आहे त्याने मूठ द्यावी. कोणाच्या घरची आहे हे या शाळेत विचारलं जाणार नाही. मंजूर नसेल तर मी शेड बंद करते." अप्पांनी मंजूर म्हटलं. बोलताना ते खिडकीकडे बघत होते.

त्या महिन्यात मुठी कमी आल्या. भात आटला, पेज वाढली, पेजेतही पाणी वाढलं. वहिनींनी डवली अंबिकाच्या हातात दिली आणि स्वतः शेडच्या आत, शेगडीपाशी बसायला लागल्या. शिजवायचं आणि भांडी घासायची. व्हरांड्यात त्या पाऊल टाकत नसत. वाढताना भात संपला आणि अंबिकाने हाक मारली, तरी त्या मलाच पुढे करायच्या.

कमल त्या सभेनंतरच्या सोमवारीच आली होती. जेवणाच्या सुट्टीत ओळीत बसली. मी वाढायला मदत करत होते. आत आले तर वहिनी टोपात हात घालून तशाच थांबल्या होत्या.

"घेतलान काय गो तिने?"

"घेतलं."

"परत मागितलान?"

"परत पण घेतलं."

मान हलवून त्यांनी राख घेतली आणि टोप घासायला लागल्या. देवाला त्या रोज गाऱ्हाणं घालायच्या, पोरं सुखी ठेव, गिरणी सुरू कर. त्या दिवसानंतर त्यांचं गाऱ्हाणं मला ऐकू आलं नाही. हात जोडून नुसत्याच उभ्या राहायच्या.

संप मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही. हळूहळू विरला. काही वर्षांनी ती गिरणीही बंद पडली. फुटलेले आणि न फुटलेले एकाच नाक्यावर रिकामे बसायला लागले. रघू आणि लवूभाऊजी पुढे मिळून परळच्या एका हॉस्पिटलबाहेर शहाळी विकायचे. पंगत बंद झाली, पण पालक संघ बायकांच्या हातून सुटला नाही. मुलींच्या संडासांना दारं आली ती या बायकांमुळे. वाचनालयाची कपाटं उघडी राहायला लागली, तीही त्यांच्यामुळे. दत्तूची शाळा संपल्यावरही वहिनी सभेला यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. आईबापांचं काही भांडण सभेत आलं की एवढंच म्हणायच्या, "पोराक मधी घेव नकात." नवीन बायकांना वाटायचं, म्हातारीला एकच वाक्य येतं.

कमल तिथेच दहावी झाली, परिचारिकेचं शिकली आणि परळला मोठ्या हॉस्पिटलात लागली.

बऱ्याच वर्षांनी शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. माझी मुलं केव्हाच शाळेतून बाहेर पडली होती, तरी संघाची सचिव मीच होते. संपाच्या काळात मुलांना जेवू घातलं म्हणून वहिनींना शाल आणि श्रीफळ द्यायचं ठरलं. मी सांगायला गेले. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. म्हणाल्या, "आधी कमळीक विचार. ती हो म्हणाली तर मी येईन. नाय तर नको."

मी गेले. कमल ड्यूटीवर होती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. मी कशाला आले ते सांगितलं.

"शाल द्या ना काकी," ती म्हणाली. "त्यांनी खूप केलं. त्यांची पेज पिऊनच आमचा वर्ग शिकला. मी नाही म्हणत नाही. त्यांच्यावर माझा राग पण नाही आता." मग वॉर्डाच्या दाराकडे बघून म्हणाली, "पण जेवणाची गाडी आली ना, की मी हातातलं काम टाकून बघत उभी राहते, कोणा पेशंटचं ताट राहत नाही ना. बाकीच्या सिस्टर हसतात मला. सोळा-सतरा वर्षं झाली, जात नाही ते. म्हणून सांगते, त्या दिवशी मला बोलावू नका. सगळे टाळ्या वाजवतील, आणि मला वाजवता येणार नाहीत. मग ते लोकांना दिसेल."

मी परत आले आणि वहिनींना सांगितलं. गाळावं असं फार मनात आलं, पण तिचा एक शब्द गाळला नाही. जेवणाच्या गाडीचंही सांगितलं.

वहिनींनी ऐकलं. मग म्हणाल्या, "तब्येतीन बरी आसा मा?"

"बरी आहे."

"खरा बोलली," म्हणाल्या. "तू जा कार्यक्रमाक. मी येणार नाय."

कार्यक्रमाला हॉल भरला होता. अप्पा व्हीलचेअरवर पुढे बसले होते. निवेदकाने वहिनींचं नाव घेतलं, त्यांच्या कार्याबद्दल दोन वाक्यं वाचली, पुन्हा नाव घेतलं. लोक माना वळवून बघायला लागले. मी उठून म्हणाले, "त्या येणार नाहीत."

निवेदक "बरं" म्हणाला आणि पुढच्या नावाकडे वळला. का येणार नाहीत, ते कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिथेच सांगितलं असतं.